रेड हाऊस नीट पाहायचे तर: विल्यम मॉरिसच्या घराची वास्तुरचना, पायरीपायरीने

लंडनच्या आग्नेयेला बेक्स्लीहीथ नावाचे उपनगर आहे. तिथल्या साध्या, एकसारख्या घरांच्या रस्त्यांमध्ये एका उंच विटांच्या कुंपणाआड रेड हाऊस उभे आहे. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसने ते स्वतःला राहण्यासाठी बांधून घेतले. आराखडा १८५९चा. त्याचा वास्तुविशारद मित्र फिलिप वेब याने तो काढला आणि १८६०च्या जूनमध्ये मॉरिस आणि त्याची पत्नी जेन तिथे राहायला आले. त्या वेळी मॉरिस पंचविशीत होता, वेब त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा, आणि स्वतंत्रपणे हाती घेतलेले त्याचे हे पहिलेच घर.

हाताच्या कारागिरीला मान देणाऱ्या इंग्लंडमधल्या चळवळीचे 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' हे नाव रूढ झाले ते १८८७ साली त्या नावाची प्रदर्शन संस्था निघाल्यावर. रेड हाऊस त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधीचे. तरीही या चळवळीतल्या घरांचा अभ्यास इथूनच सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे. खोली कशासाठी आहे हे आधी ठरले आणि भिंत, खिडकी, छप्पर त्यामागोमाग आले, ही गोष्ट इथे प्रत्येक कोपऱ्यावर उघड दिसते. मात्र ती आपोआप दिसत नाही. बहुतेक लोक आत शिरतात, छतावरची नक्षी पाहून हरखतात आणि बाहेर येतात. घर कोणत्या क्रमाने आणि कोणते प्रश्न विचारत पाहावे, हे या लेखात मांडले आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या मराठी माणसांना तो प्रत्यक्ष उपयोगी पडेल. इथे बसून नकाशे आणि छायाचित्रे पाहणाऱ्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनाही हाच क्रम चालेल.

निघण्यापूर्वी

घर आता नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. ते रोज उघडे नसते, म्हणून ट्रस्टच्या संकेतस्थळावर दिवस आणि वेळ पाहूनच निघा. लंडनहून बेक्स्लीहीथ स्टेशनपर्यंत लोकल गाडी जाते आणि तिथून घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मॉरिसच्या काळात ही सोय नव्हती. हा रेल्वेमार्ग १८९५चा. त्याचे पाहुणे ॲबी वुड स्टेशनवर उतरत आणि मॉरिसची घोडागाडी त्यांना आणायला जाई. आजूबाजूला तेव्हा शेते आणि फळबागा होत्या. घराची जागासुद्धा एका फळबागेतलीच. आज दिसणारे उपनगर मनातून पुसून त्या जागी सफरचंदाची झाडे उभी केल्याशिवाय घराची ठेवण कळणार नाही.

सोबत एक वही, पेन्सिल आणि होकायंत्र घ्या. होकायंत्र मोबाईलमधले चालेल, पण हवेच. या घरातला सगळ्यात महत्त्वाचा वाद दिशेचा आहे.

आणखी एक तयारी मनाची. मॉरिस म्हणजे वॉलपेपर, हे समीकरण दाराबाहेर ठेवा. त्याने पहिले वॉलपेपर विकायला काढले ते १८६४ साली, म्हणजे हे घर सोडायच्या जेमतेम वर्षभर आधी. इथल्या भिंती रंगवलेल्या होत्या, काहींवर चित्रे होती, काहींवर जेनने आणि मॉरिसने भरतकाम केलेली कापडे टांगलेली होती. वॉलपेपर या घरातून निघाला, घरात आला नाही.

पहिली पायरी: उत्तरेच्या दारासमोर उभे राहा आणि आत जाऊ नका

मुख्य दार उत्तरेला आहे. त्याच्यासमोर थोडे मागे सरकून उभे राहा आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत का, ते पाहा. नाहीत. खिडक्या एका रेषेत नाहीत, एका मापाच्या नाहीत, छपराची उंचीही सगळीकडे सारखी नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये सुखवस्तू माणूस नवे घर बांधायचा तेव्हा दर्शनी भाग बहुधा समतोल ठेवी. मधोमध दार, दोन्हीकडे मोजून तितक्याच खिडक्या, आणि विटांवर पांढरट गिलावा, म्हणजे लांबून दगडाचे वाटावे. वेबने यातले काहीही केले नाही. वीट आहे तर ती विटेसारखीच दिसू दे, हा त्याचा आग्रह. घराचे नावही त्या लाल विटांवरून पडले.

विटांमागे आणखी एक संदर्भ आहे. इंग्लंडमध्ये विटांवरचा कर १८५० साली उठला आणि खिडक्यांवरचा १८५१ साली. काचेवरची जकात त्याआधीच, १८४५ साली गेली होती. म्हणजे वेब आराखडा काढत होता तेव्हा वीट आणि काच मोकळेपणाने वापरायला कायद्याची आडकाठी उरली नव्हती. करांमुळे हे घर झाले असे नाही, पण तोवर हात आखडून वापराव्या लागणाऱ्या दोन गोष्टी मोकळ्या झाल्या होत्या, हे लक्षात ठेवावे.

आता दारावरची कमान पाहा. ती टोकदार आहे, गॉथिक, म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन वास्तुशैलीच्या वळणाची. वेब आणि मॉरिस यांची ओळख १८५६ साली ऑक्सफर्डला जॉर्ज एडमंड स्ट्रीट या वास्तुविशारदाच्या कार्यालयात झाली. स्ट्रीट आणि विल्यम बटरफील्ड यांनी खेड्यापाड्यांतल्या पाद्र्यांसाठी उघड्या विटांची, उतरत्या छपरांची साधी घरे आणि शाळा बांधल्या होत्या. वेबचे धडे तिथले. रेड हाऊस आकाशातून पडले असे पुष्कळदा लिहिले जाते, ते खरे नाही. नवीन गोष्ट एवढीच की पाद्र्याच्या घरासाठीची ती साधी भाषा वेबने एका तरुण, श्रीमंत, कलावंत जोडप्याच्या घरासाठी वापरली आणि तिच्यात कुठलाही डामडौल मिसळू दिला नाही.

दाराजवळ लॅटिनमध्ये बायबलमधल्या स्तोत्राची ओळ आहे. तुझ्या येण्याजाण्यात देव तुझे रक्षण करो, असा तिचा आशय. पुढे आतही अशी अक्षरे भेटतील, ती वहीत टिपत जा.

दुसरी पायरी: घराला फेरी घाला आणि आराखडा स्वतः काढा

आत जाण्याआधी घराभोवती पूर्ण फेरी घाला. बाग पाहायची परवानगी असते, तिचा उपयोग करा. चालता चालता वहीत घराचा आकार काढा. इंग्रजी एल अक्षरासारखा काटकोन येईल. एक हात पूर्व-पश्चिम पसरलेला, दुसरा त्याच्या पश्चिम टोकाकडून दक्षिणेला गेलेला. दोन हातांच्या मधला आतला कोपरा आग्नेयेकडे उघडा आहे आणि त्या कोपऱ्यात विहीर आहे.

आता होकायंत्र काढा आणि खोल्या कोणत्या बाजूला आहेत ते पाहा. मुख्य खोल्या काटकोनाच्या बाहेरच्या अंगाला आहेत, म्हणजे उत्तरेला आणि पश्चिमेला. आतल्या अंगाला, जिथे सकाळचे आणि दुपारचे ऊन येते, तिथे ये-जा करायचे बोळ आणि जिना आहे.

आपल्याकडच्या माणसाला यात वावगे वाटणार नाही. उत्तरेचा शांत उजेड आपल्याला हवाच असतो. पण लंडन साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी तिथला सूर्य क्षितिजावर जेमतेम पंधरा अंश चढतो. मुंबईत तोच सूर्य त्या दिवशी सत्तेचाळीस अंशांवर असतो. तिथे हिवाळ्यात उत्तरेच्या भिंतीला उन्हाचा स्पर्शही होत नाही. म्हणजे ज्या देशात ऊन मोजून मापून मिळते, तिथे वेबने राहत्या खोल्या उन्हाकडे पाठ करून ठेवल्या आणि ऊन बोळाला दिले.

हे चुकलेच, असे मला वाटते, आणि ते स्पष्ट म्हणायला हवे. घर थंड असल्याची तक्रार मॉरिस कुटुंबाच्या काळापासूनची आहे. ज्या घरात उपयोगाला पहिला मान दिला, त्याच घरात उन्हाचा विचार कमी पडला. काही जण याचे समर्थन असे करतात की त्या घरात चित्रकार वावरत होते आणि चित्रकाराला उत्तरेचा स्थिर उजेड लागतो. वरच्या मजल्यावर मॉरिसचा स्टुडिओ होता, तिथे हे कारण पटते. जेवणाच्या खोलीला ते लागू पडत नाही.

पश्चिमेच्या हातात स्वयंपाकघर आहे. ते जमिनीच्या पातळीवर आहे आणि त्याला मोठ्या खिडक्या आहेत, याची नोंद करा. लंडनच्या बहुतेक मोठ्या घरांत तेव्हा स्वयंपाकघर तळघरात असे आणि घरकाम करणाऱ्या बायका दिवसभर अर्ध्या अंधारात राबत. इथे त्यांना बाग दिसत होती. दर्शनी शोभेपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

तिसरी पायरी: प्रत्येक खिडकीला एकच प्रश्न विचारा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण घराचे सारे मर्म खिडक्यांत आहे. एका बाजूच्या भिंतीसमोर उभे राहून तिथल्या सगळ्या खिडक्या वहीत काढा, आकारासकट. मग प्रत्येकीसमोर लिहा: मागे काय असेल? आत गेल्यावर उत्तर पडताळून पाहा.

उंच, सरकत्या तावदानांची खिडकी दिसली तर मागे बहुधा मोठी राहती खोली निघेल. आतल्या कोपऱ्याकडे तोंड केलेल्या भिंतीत वरच्या मजल्यावर गोल खिडक्यांची ओळ दिसेल. मागे बोळ आहे. बोळात कोणी बसत नाही, तिथून बाहेर टक लावून पाहत नाही, फक्त पायाखाली उजेड हवा असतो. म्हणून लहान आणि गोल. जिन्याच्या खिडक्या जिन्याबरोबर चढतात, म्हणून त्या मजल्यांच्या रेषा मोडतात. पश्चिमेच्या भिंतीतून एक खिडकी बाहेर झेपावलेली दिसते. ती वरच्या दिवाणखान्याची. तिच्यात बसून मावळतीचा उजेड घेता येतो.

आता एका मोठ्या खिडकीजवळ जाऊन वीटकाम निरखा. वर टोकदार कमान आहे, पण खिडकी स्वतः टोकदार नाही. कमानीखाली विटांचा पडदा आहे आणि त्याच्या आत वर हलके वळण असलेली, सरकत्या तावदानांची खिडकी बसवली आहे. कमान वरच्या भिंतीचे वजन दोन्ही बाजूंना उतरवते. सरकत्या तावदानाला मात्र वरची कड सपाट किंवा सपाटीच्या जवळची लागते, टोकदार चौकटीत ते नीट सरकत नाही. वेबने दोन्ही कामे दोघांना वाटून दिली. अशी सरकती तावदाने अठराव्या शतकातल्या इंग्रजी घरांतली, टोकदार कमान मध्ययुगातली. गॉथिकचा कट्टर पुरस्कर्ता ही सरमिसळ करायला धजला नसता. वेबला शैलीची शुद्धता नको होती, उघडझाप नीट होणारी खिडकी हवी होती.

चौथी पायरी: छप्पर आणि धुराडी

मान वर करा. दुर्बीण असेल तर ती इथे काढा. लाल मातीच्या कौलांचे पाखे चांगले उभट आहेत, म्हणजे पाऊस आणि बर्फ टिकणार नाही. धुराडी उंच आणि जाडजूड आहेत. त्यांच्या जागा वहीतल्या आराखड्यावर खुणावून घ्या. शेकोट्या कुठे असतील याचा अंदाज आत जाण्याआधीच येईल. दोन हात जिथे मिळतात तिथे जिन्यावर वेगळे, टोकाला निमुळते होत गेलेले छप्पर आहे आणि वर वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा. घराची सारी वळणे या छपराभोवती फिरतात. लांबून पाहिले तरी, जिना इथे आहे, हे कळते.

पाचवी पायरी: विहिरीजवळ थांबा

आतल्या कोपऱ्यातली विहीर म्हणजे या घराची ओळखच होऊन बसली आहे. गोल कठडा, त्यावर ओक लाकडाचे भक्कम खांब आणि शंकूसारखे कौलारू छप्पर. ती शोभेची नव्हती, घराला पाणी लागायचे म्हणून खोदलेली होती. इथे सकाळी या. कोपरा आग्नेयेकडे उघडा असल्याने दुपारपर्यंत इथे ऊन असते, नंतर पश्चिमेच्या हाताची सावली सरकू लागते. दोन भिंतींच्या कुशीत, वाऱ्यापासून आडोशाला, ऊन आणि पाणी. आपल्या वाड्यांतल्या चौकाची आठवण इथे येते, पण फरकही पाहा. वाड्याचा चौक चारही बाजूंनी बंद आणि आकाशाकडे उघडा असतो. हा कोपरा दोनच बाजूंनी बंद आहे आणि उरलेल्या दोन बाजूंनी बागेला सामील होतो.

वेबच्या मूळ रेखाचित्रांत भिंतींवर कोणत्या वेली चढवायच्या हेसुद्धा लिहिलेले आहे: पांढरी जाई, गुलाब, हनीसकल, कृष्णकमळाच्या जातीची वेल. वेल ही भिंतीचा भाग धरूनच त्याने भिंत आखली. फळबागेतली जुनी झाडे शक्य तितकी राखून घर बसवले गेले, त्यामुळे घर नवे असतानाच त्याच्या खिडक्यांशी फळांच्या फांद्या होत्या.

पूर्वेच्या टोकाला बागेकडे उघडणारी एक ओसरी आहे. कँटरबरीला जाणाऱ्या यात्रेकरूंचा जुना मार्ग या भागातून जायचा, म्हणून मॉरिसने तिला यात्रेकरूंचा विसावा असे नाव दिले. तिथल्या फरशांवर त्याचे फ्रेंच ब्रीद आहे, 'मला जमले तर' अशा अर्थाचे. ओसरीत थोडा वेळ बसा. घरातला बोळ थेट इथवर येतो, म्हणजे उत्तरेच्या दारातून शिरलेला माणूस घरातून चालत बागेत बाहेर पडू शकतो. ही वाट प्रत्यक्ष चालून पाहण्यासारखी आहे.

सहावी पायरी: आत, जिन्यापाशी

आत शिरल्यावर आधी उजेडाची नोंद करा, मग रंगाची. दिवाणखाना वर आहे, म्हणून जिना हा पाहुण्यांना वर नेणारा मुख्य मार्ग, आणि म्हणून तो रुंद आणि देखणा. ओक लाकडाचा. कठड्याचे कोपऱ्यातले खांब मनोऱ्यांसारखे निमुळते होत वर गेलेले आहेत. कोरीवकाम जवळजवळ नाहीच, जे आहे ते लाकूड कसे कापले आणि कसे जोडले यातूनच आलेले.

जिन्यावरचे छत पाहताना मान दुखेपर्यंत पाहा. गिलावा ओला असतानाच त्यात बारीक छिद्रे टोचून नक्षीचा आराखडा उमटवला आहे आणि मग त्या छिद्रांच्या आधाराने रंग भरला आहे. छिद्रे आजही दिसतात. पुढे कधी रंग विटला तर पुन्हा भरता यावा, ही सोय त्यात आपसूक झाली. कोणीही मित्र येऊन ब्रश उचलून एक तुकडा रंगवू शकेल, अशी ही युक्ती होती, आणि शनिवार-रविवारी येणारे मित्र तेच करत. या घराची सजावट म्हणजे मित्रमंडळींचे सामुदायिक काम होते. त्यातूनच १८६१ साली मॉरिस, मार्शल, फॉकनर अँड कंपनी निघाली. घरासाठी मनाजोगते सामान बाजारात मिळेना, तेव्हा आपणच ते बनवू आणि विकूही, असा तो निश्चय.

सातवी पायरी: शेकोटीपुढे

धुराड्यांच्या खुणा वहीत आहेतच, आता त्यांच्याखालच्या शेकोट्या शोधा. प्रत्येक वेगळी आहे, पण सगळ्यांत एक गोष्ट समान: वीट उघडी. संगमरवरी चौकट नाही, वर सोनेरी आरसा नाही. वरच्या दिवाणखान्यातली शेकोटी सर्वांत मोठी. तिचे विटांचे कवच जवळजवळ छताला भिडते आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिले आहे, 'आर्स लोंगा, विता ब्रेविस': कला दीर्घायुषी, जीवन अल्प. शेकोटीला इतके मोठे करण्यामागे केवळ ऊब नाही. खोलीचे केंद्र ती आहे, बाकी आसने तिच्याभोवती यावीत, हे वेबने बांधकामातच ठरवून टाकले.

त्याच खोलीत एक अवाढव्य लाकडी बाक-कपाट आहे. मॉरिसने ते लंडनमधल्या रेड लायन स्क्वेअरच्या बिऱ्हाडातून आणले आणि वेबने त्यावर शिडीने चढायचा छोटा सज्जा बसवला. तिथून छपराखालच्या पोटमाळ्यात जाता येई. म्हणजे फर्निचरचा एक तुकडा एकाच वेळी आसन, कपाट आणि जिना झाला. फर्निचर कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, हा प्रश्न या घरात पुन्हा पुन्हा पडावा. जेवणाच्या खोलीतले उंच, लाल रंगाचे ताटाळे पाहतानाही तो विचारा.

भिंतींवर मॉरिसचा चित्रकार मित्र एडवर्ड बर्न-जोन्स याने रंगवलेली चित्रे आहेत. सर डीग्रेव्हांट या मध्ययुगीन काव्यकथेतले प्रसंग. बेत सातांचा होता, पूर्ण झाली तीन. लग्नाच्या मेजवानीतले राजा-राणी म्हणजे मॉरिस आणि जेन. चित्र भिंतीवर टांगलेले नाही, भिंतच चित्र आहे.

इथे मुंबईचा एक खराखुरा धागा जोडता येतो. बर्न-जोन्सची पत्नी जॉर्जियाना हिची बहीण ॲलिस. तिचा नवरा जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली मुंबईला आला आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुशिल्प शिकवू लागला. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी कमानींवरची उठावशिल्पे त्याची. हाताने काम करणाऱ्या कारागिराला इमारतीत मानाची जागा द्यायची, हा विचार बेक्स्लीहीथच्या या घरात आणि मुंबईतल्या त्या दगडांत एकाच गोतावळ्यातून आलेला आहे. क्रॉफर्ड मार्केटवरून रोज जाणाऱ्याने एकदा थांबून त्या कमानी पाहाव्यात.

आठवी पायरी: घरावर चढलेले थर ओळखा

मॉरिस इथे फक्त पाच वर्षे राहिला. १८६४ साली तो संधिवाताच्या तापाने आजारी पडला. बर्न-जोन्स कुटुंबासाठी घराला आणखी एक हात जोडायचा बेत होता, तोही त्यांच्या घरातल्या आजारपणामुळे आणि तान्ह्या मुलाच्या मृत्यूमुळे बारगळला. लंडनची रोजची ये-जा जड झाली. १८६५ साली मॉरिसने लंडनमधल्या क्वीन स्क्वेअरला बिऱ्हाड हलवले. त्याच्या दोन्ही मुली, जेनी आणि मे, या घरात जन्मल्या होत्या. त्यानंतर हे घर पाहायला तो पुन्हा आला नाही, असे सांगतात.

पुढच्या मालकांनी भिंती रंगवल्या, झाकल्या, कपाटे बसवली. १९५२ साली एडवर्ड हॉलम्बी हा वास्तुविशारद इथे राहायला आला आणि त्याने, पत्नी डोरिससह, आयुष्यभर या घराची निगा राखली. २००३ साली घर नॅशनल ट्रस्टकडे आले. दहा वर्षांनी, २०१३ साली, मुख्य शयनगृहातल्या एका मोठ्या कपाटामागे भिंतचित्र सापडले: आदम आणि ईव्ह, नोहा, याकोब, राहेल, जणू घड्या पडलेल्या पडद्यावर काढल्यासारखे. मॉरिस, बर्न-जोन्स आणि त्यांच्या गोतावळ्यातले चित्रकार रोझेटी, एलिझाबेथ सिडल आणि फोर्ड मॅडॉक्स ब्राउन यांचे हात त्यात असावेत असे जाणकार मानतात.

म्हणून प्रत्येक खोलीत तीन रकाने आखा: मूळचे, नंतर झाकलेले, आता उघडे केलेले. काही जागी ट्रस्टने रंगाचे थर मुद्दाम पट्टीपुरते खरवडून दाखवले आहेत. तिथे घाई करू नका. उरलेला जुना रंग जसा आहे तसा ठेवायचा, त्यावर नवा 'जुना' रंग चढवायचा नाही, हे धोरण मॉरिस आणि वेब यांचेच आहे. १८७७ साली दोघांनी मिळून जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या चर्चचे दगड खरवडून नवे करण्याला त्यांचा कडाडून विरोध होता. पडेल ते सावरा, गळेल ते थांबवा, बाकी हात लावू नका. आपल्याकडे मंदिरांच्या काळ्या दगडावर ऑइलपेंट फासणाऱ्या आणि वाड्यांच्या तुळया पॉलिशने चकचकीत करणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने ही भूमिका समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

नववी पायरी: वहीतला आराखडा पुरा करा

बाहेर येऊन बागेत बसा आणि आता खोल्यांसकट आराखडा काढा. ताणून मापे नकोत, पावलांचा अंदाज पुरे. खिडक्यांची जी यादी केली होती तिच्यापुढे खरे उत्तर लिहा. जिथे अंदाज चुकला तिथे का चुकला ते शोधा. बहुतेक वेळा कारण एवढेच निघते की आपण खिडकीकडे बाहेरच्या शोभेचा भाग म्हणून पाहिले.

बागेतही मूळची विभागणी समजून घ्या. मॉरिसच्या काळी घराजवळची बाग कुडांनी लहान लहान चौकोनांत वाटलेली होती आणि कुडांवर गुलाब चढवलेले होते. बाग ही भिंतींबाहेरच्या खोल्यांची रांगच होती. त्या कुडांवरून १८६२ साली मॉरिसने 'ट्रेलिस', म्हणजे वेलींचा कूड, ही वॉलपेपरची नक्षी आखली. तिच्यातले पक्षी वेबने काढले. इथे पक्षी काढून देणारा माणूस आणि घराची धुराडी आखणारा माणूस एकच आहे.

दहावी पायरी: दुसऱ्या घराशी ताडून पाहा

एकच घर पाहून थांबू नका. लंडनमध्येच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मॉरिसच्या कंपनीने आणि वेबने १८६०च्या दशकात सजवलेली हिरवी भोजनखोली आहे. तिथे जाऊन चहा पिता येतो, आणि रेड हाऊसमध्ये मित्रांनी हौसेने केलेले काम व्यवसाय झाल्यावर कसे बदलले, ते कळते.

पण खरी तुलना ससेक्समधल्या स्टँडनशी. ईस्ट ग्रिन्स्टेडजवळचे हे घरही वेबनेच बांधले, १८९१ ते १८९४ या काळात, जेम्स बील या वकिलाच्या कुटुंबासाठी. तेही नॅशनल ट्रस्टकडेच आहे. तीच वही, तेच होकायंत्र घेऊन जा. जागेवर आधीपासून असलेले शेतघर वेबने पाडले नाही, नव्या घराला त्याच्याशी जोडून घेतले. वीट आहेच, शिवाय दगड, भिंतीवर टांगलेली कौले, लाकडी फळ्या, त्या भागात जे जे मिळत होते ते सगळे. टोकदार कमानींचा सोस ओसरलेला आहे. विजेचे दिवे सुरुवातीपासून आहेत आणि त्यांच्या जागा घराबरोबरच आखलेल्या आहेत.

बागेच्या अंगाला उभे राहून होकायंत्र पाहा. मुख्य खोल्या दक्षिणेला आहेत, खाली दरी पसरलेली आणि सबंध दिवसाचे ऊन खिडक्यांत. दोन्ही आराखडे वहीच्या समोरासमोरच्या पानांवर काढा आणि दोन्हींवर उत्तरेचा बाण ठसठशीत ओढा.